लेकीला मध्ये न घेता

किर्गीझ मुलखातल्या कोचकोरमध्ये उल्कानच्या हातच्या शिर्दाक गालिच्याला नावं ठेवणारं माणूस अजून जन्माला यायचंय. लोकर दाबून केलेल्या नमद्याचे रंगीत तुकडे कापायचे, एकमेकांत बसवायचे आणि जाड दोऱ्याने टाके घालत सुटायचं. एका गालिच्यात अख्खा हिवाळा जातो. अशी ही कामात बुडालेली बाई छप्पन्नाव्या वर्षी जर्मन शिकायला बसली, तेव्हा गल्लीतल्या बायकांनी परस्पर ठरवून टाकलं, की हिला परदेशी गिऱ्हाइकं पटवायची आहेत. उल्कानने कुणाचा समज खोडून काढला नाही. खरं कारण एकीला जरी सांगितलं असतं, तरी ते संध्याकाळच्या आत फोनवरून तिच्या लेकीपर्यंत पोचलं असतं. आणि लेकीलाच तर ते कळू द्यायचं नव्हतं.

लेक बेगायिम. एकविसाव्या वर्षी जर्मनीत एका घरी पोरं सांभाळायच्या कामावर गेली, तिथेच नर्सिंग शिकली आणि तिथल्याच माथियासशी लग्न केलं. त्यालाही आता पाच वर्षं झाली. दर रविवारी फोनवर तिचं तोंड दिसायचं.

"कशी आहेस गं?"

"छान आहे, आई."

"आणि सासूबाई?"

"त्याही छान आहेत."

पाच वर्षं हेच. एका रविवारी बेगायिम फोन ओट्यावर टेकवून कणीक मळत होती, तेवढ्यात तिची सासू रोस्विथा स्वयंपाकघरात आली. बेगायिम शिकवल्याप्रमाणे झटकन बाजूला झाली, खाली बघून काहीतरी बोलली आणि पुन्हा कणकेकडे वळली. रोस्विथा तिच्याकडे बघत उभी राहिली. तो चेहरा उल्कानने फोनच्या एवढ्याशा काचेतून पाहिला. त्या बाईच्या तोंडावर राग नव्हता, तेच वाईट होतं. राग असता तर समजलं असतं.

"तुमच्यात काही झालंय का गं?" तिने विचारलं.

"तुझं आपलं काहीतरीच, आई!"

आणि ऑक्टोबरात बातमी आली, की येत्या ऑगस्टमध्ये बेगायिम येणार आणि सासूला घेऊन येणार. उल्कानच्या नवऱ्याला, जोल्दोशला, आनंदाचं भरतं आलं. विहीणबाई पहिल्यांदा दारात येणार, म्हणजे कुठली मेंढी कापायची याचा विचार त्याने त्याच दिवशी सुरू केला. उल्कानच्या मनात मात्र एकच गोष्ट बसली. आता त्या बाईलाच विचारायचं, की माझ्या पोरीचं तुमच्या घरात काय चुकतंय? पण विचारणार कशी? मध्ये दुभाषी कोण, तर बेगायिम! लेकीबद्दलचा प्रश्न लेकीच्या तोंडून विचारायचा आणि उत्तरही तिच्याच तोंडून ऐकायचं. शिवाय पोरीच्या दुभाषेपणावर तिचा विश्वास नव्हता. लग्नाच्या दिवशी जोल्दोशने फोनवरून पाव तास आशीर्वाद दिले होते, सात पिढ्यांची नावं घेतली होती. बेगायिमने ते सगळं जर्मनमध्ये तीन शब्दांत उरकलं होतं.

म्हणून जर्मन. दहा महिने हातात होते.

लेकीच्या जुन्या दप्तरात एक जाडजूड शब्दकोश सापडला. गालिचा जसा एका कोपऱ्यापासून सुरू करायचा, तसा उल्कानने तो पहिल्या पानापासून सुरू केला. रोज पाच शब्द, घोकून घोकून. नव्या वर्षापर्यंत तिला जर्मनमध्ये मुंगी येत होती, माकड येत होतं, नागासारखा लांबडा मासा येत होता आणि मठाचा महंतही येत होता. पाव, दूध, बस, ये, जेव, यातलं काही येत नव्हतं, कारण ती पानं अजून लांब होती.

"झालं की मग," जोल्दोश म्हणाला. "विहीणबाई आल्या की मुंग्यांची खुशाली विचार. मग माकडांची. आणि शेवटी, महंत कसे आहेत?"

"तुम्ही हसा. तुमच्याच्याने एक तरी शब्द होतोय का?"

"मला कशाला? मी विहीणबाईंना मटण वाढीन, ते सगळ्यांना कळतं."

चुलीजवळच्या आपल्या जागेवरून म्हातारी सासू हे रोज ऐकत होती. त्र्याऐंशी वर्षांची, दात एकही नाही, जीभ मात्र शाबूत. "पस्तीस वर्षं नांदली आणि आता परक्या भाषेत पुटपुटते," ती म्हणाली. "जोल्दोश, दाराला कडी घालत जा रे बाबा. ही बया या वयात कुणाबरोबर तरी पळायच्या बेतात आहे."

उल्कान मनातून खचली होती. पाचशे शब्द झाले, पण फोनवर जर्मन बातम्या लावल्या की सगळं डोक्यावरून जायचं. फेब्रुवारीत तिने शब्दकोश उचलला आणि पिठाच्या डब्यामागे ढकलला. फोनवर एक बाई साधे साधे धडे देत असे: बाजारात जाणं, पाहुणे येणं, दुखणं-खुपणं. त्या बाईला गालिच्यावर उभं करायचं आणि टाके घालत तिच्या मागोमाग बोलत राहायचं. ती एक शब्द पुढे, ही एक शब्द मागे. सुई आत घातली की वाक्य सुरू, दोरा ओढून घट्ट केला की वाक्य संपलं. अर्थ लागो न लागो, थांबायचं नाही. तोच धडा आठ-आठ दिवस. सुरुवातीला नुसती गुरगुर व्हायची. मग एके दिवशी त्या गुरगुरीतून शब्द सुटे होऊन ऐकू यायला लागले, आणि उल्कानने आनंदाने सुई बोटात टोचून घेतली.

धार काढताना ती सगळा धडा गाईला सांगायची. गाय चुका काढत नसे आणि मध्येच उठूनही जात नसे. गल्लीतल्या कुठल्याही माणसाबद्दल एवढं म्हणता आलं नसतं.

मग तो शब्द आला. धडा होता प्रवासाचा. फोनवरची बाई म्हणाली आणि उल्कान तिच्यामागे म्हणता म्हणता गपकन थांबली. आगगाडीच्या जर्मन नावात पहिलंच लोखंड आहे.

आता इथे सासऱ्यांचं नाव सांगायलाच हवं. सांगणाऱ्याला काही बंदी नाही. त्यांचं नाव तेमिरबेक, आणि तेमिर म्हणजे लोखंड. सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, दिराचं घ्यायचं नाही, नवऱ्याकडच्या कुठल्याच मोठ्या माणसाचं घ्यायचं नाही, आणि त्या नावात जी वस्तू असेल तिचंही नाही. लग्न होऊन आली त्या दिवसापासून उल्कानने लोखंड हा शब्द उच्चारला नव्हता. खिळा असो, कुऱ्हाड असो, ती म्हणायची 'काळंकठीण'. थोरले दीर कोझूबेक. कोझू म्हणजे कोकरू. दोनशे मेंढ्यांच्या घरात पस्तीस वर्षं कोकराचं नाव न घेता राहून दाखवा म्हणजे कळेल. नाव घ्यायची तिच्यावर कधी वेळच आली नाही. तिच्या जिभेला आडवाटांची इतकी सवय झाली होती, की आपण वळसा घालतोय हेही तिच्या लक्षात येत नसे.

"अगं म्हण की," जोल्दोश म्हणाला. "जर्मनमध्ये म्हणायला काय होतंय? बाबांना कुठे जर्मन येत होतं?"

"वर गेल्यावर माणसाला सगळ्या भाषा येतात. उगाच ऐकतील. आणि म्हणतील, सूनबाई म्हातारपणी सोकावली."

चुलीजवळच्या म्हातारीने सायीचा वाडगा हळूच सुनेच्या बाजूला सरकवला. पस्तीस वर्षांत तिने असं किती वेळा केलं होतं, ते उल्कानला एका हाताच्या बोटांवर मोजता आलं असतं.

मे महिन्यात एक सायकलवाला दारासमोर थांबला. उन्हाने सोललेलं नाक, दाढी वाढलेली, सायकलच्या चाकातली एक तार तुटून लोंबत होती. तो हातवारे करू लागला आणि मधूनच स्वतःशी जर्मनमध्ये शिव्या देऊ लागला. उल्कानला शिव्या कळल्या. गाय सोडून दुसऱ्या कुणाशी ती अजून जर्मन बोललीच नव्हती.

तिला सांगायचं होतं, की पुलापलीकडे लोहार आहे. लोहार शब्द येत नव्हता. लोखंड येत होतं, पण घ्यायचं नव्हतं. मग ती पस्तीस वर्षं करत आली तेच तिने केलं. "तिथे माणूस," ती जर्मनमध्ये म्हणाली. "पूल आहे, मग माणूस. तो आग करतो. आणि मारतो, ठण ठण. घोड्याच्या पायात जे घालतात, काळं, कठीण, ते तो करतो. हे पण करील."

सायकलवाला मोठ्याने हसला. त्याने तिला लोहाराचा शब्द सांगितला, दोनदा सांगितला, डोक्यावरची टोपी काढून तिला वाकून नमस्कार केला आणि सायकल ढकलत पुलाकडे गेला. तासाभराने चाक दुरुस्त करून परत आला आणि हात हलवून पुढे निघून गेला.

उल्कान दारातच दगडावर बसली. इतके दिवस ती शब्द नाहीत म्हणून रडत होती, आणि हातात शब्द नसताना बोलायचं कसं, हे तर तिला विसाव्या वर्षापासून येत होतं! सासरने तिला हेच तर शिकवलं होतं. तिला स्वतःचं हसू आलं, आणि जरा अभिमानही वाटला.

त्या दिवसापासून तिने खेळच मांडला. सकाळी दहा वस्तू ठरवायच्या आणि दिवसभर त्यांचं नाव न घेता त्यांच्याबद्दल बोलायचं. चमचा म्हणजे सूप ज्याच्यात बसून तोंडात येतं ते. सासूबाई म्हणजे नवरा जिच्या पोटात होता ती. एखादा शब्द तीनदा अडला, तरच तो वहीत उतरवायचा, कारण तो खरोखर लागणारा आहे हे तेव्हा सिद्ध झालेलं असे. वही लहानच राहिली, पण त्यातलं सगळं तिच्या जिभेवर होतं. धडा बोलून ती आपलाच आवाज फोनमध्ये भरायची आणि दुसऱ्या दिवशी ऐकून स्वतःला नावं ठेवायची. जुलैपर्यंत जोल्दोशची चेष्टा बंद झाली. तो शेजाऱ्यांना सांगत फिरू लागला, "आमच्याकडे आता गायसुद्धा जर्मन दूध देते."

रविवारी फोनवर मात्र उल्कान अडाण्यासारखी बसायची. "सासूबाईंना माझा नमस्कार सांग हो," एवढंच किर्गीझमध्ये म्हणायची.

ऑगस्टमध्ये रोस्विथा आली. उंच, करड्या आखूड केसांची, चालताना गुडघा सांभाळणारी. पत्र्याच्या डब्यात स्वतः भाजलेला केक घेऊन आली होती आणि तीन विमानांतून तो मांडीवर ठेवून आणला होता. दारासमोरच्या मानाच्या जागेवर तिला बसवली, मानाचं हाड तिच्या ताटात वाढलं, खांद्यांवर नवा झगा घातला. तिने सगळं खाल्लं, सगळं घातलं. बेगायिम दोन्हीकडून भाषांतर करत होती आणि दोन्हीकडचं निम्मं गाळत होती. उल्कानला आता ते कळत होतं. ती गप्प बसून ऐकत राहिली. तीन दिवस तिने कान देऊन ऐकलं. लेकीच्या बोलण्यात कुठे कडवटपणा नव्हता, उर्मटपणा नव्हता. तरीही बेगायिम सासूशी बोलायला वळली, की त्या बाईचा चेहरा उतरायचा. का उतरतो ते काही केल्या कळेना.

चौथ्या दिवशी सकाळी बेगायिम बापाबरोबर वरच्या कुरणावर ताजं कुमिस, घोडीचं आंबवलेलं दूध, आणायला गेली. उल्कान अंगणात मोठ्या कढईत बोरसोक, कणकेचे फुगीर तुकडे, तळत होती. रोस्विथा बाहेर आली, ठेंगण्या चौरंगावर बसली आणि एक बोरसोक हातात घेऊन नुसती हसली. दोघींत भाषा नाही, असं ती धरूनच चालली होती.

उल्कानने झारा बाजूला ठेवला. "विहीणबाई," ती जर्मनमध्ये म्हणाली, "मी थोडं बोलते. हळू."

रोस्विथाच्या हातातला बोरसोक खाली पडला.

"बेगायिमला सांगू नका. मी हिवाळाभर शिकले. एका प्रश्नासाठी." पाठ केलेलं वाक्य तोंडाशी येऊन गायब झालं, म्हणून ती आडवाटेनेच निघाली. "माझी मुलगी तुमच्याशी बोलते. तेव्हा तुमचं तोंड असं होतं, आता पाऊस येणार. का? ती काय वाईट करते? मला सांगा. मी आई आहे, मी ऐकीन."

रोस्विथाने पडलेला बोरसोक उचलला. मग बोलली, अगदी हळू, एकेक शब्द सुटा करून.

"ती काही वाईट करत नाही. चांगली मुलगी आहे. पण ती माझं नाव घेत नाही. पाच वर्षं झाली. पहिल्याच दिवशी मी म्हटलं, मला आई म्हणू नकोस, तुझी आई तुला आहे. मला रोस्विथा म्हण. सगळे म्हणतात. ती शेजाऱ्यांना नावाने हाक मारते, शेजाऱ्यांच्या कुत्र्याला नावाने हाक मारते. मला काहीच नाही. समोर येते आणि बोलायला सुरुवात करते. मला वाटलं, मी तिला नकोच आहे."

उल्कानला आधी हसू फुटलं, इतकं तिला सुटल्यासारखं वाटलं. आणि लगेच त्या बाईची कीव आली. पाच वर्षं! पाच वर्षं ही बाई आपल्या घरात सुनेच्या हाकेची वाट बघत होती.

"ऐका," ती म्हणाली. 'आदर' हा शब्द तिला येत नव्हता. एवढा मोठा शब्द आणि तिच्या वहीत नव्हता. तिने झाऱ्याने कढईवर ठण् करून मारलं. "ही कशाची? मला नाव येतं. तुमच्या भाषेत पण येतं. मी म्हणत नाही. नवऱ्याचे वडील, त्यांचं नाव हेच आहे. मोठा माणूस. मोठ्या माणसाचं नाव सुनेच्या तोंडात नाही. इथे." तिने छातीवर हात ठेवला. "पस्तीस वर्षं."

"पस्तीस वर्षं तुम्ही हा शब्द बोलला नाहीत?"

"नाही. आणि तो पण नाही." तिने कुंपणाकडे बोट दाखवलं. तिथे चार कोकरं एकमेकांना ढुशा देत होती. "मेंढीचं बाळ. ते नाव नवऱ्याच्या मोठ्या भावाचं."

रोस्विथाने कोकरांकडे बघितलं, उल्कानकडे बघितलं. "आणि ते पळालं तर? ओरडता काय?"

"'लहान पांढरं पळालं!'"

रोस्विथा हसायला लागली. गुडघा धरून हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, आणि मग हसू थांबलं, पण ते पाणी थांबेना. उल्कान तिच्याजवळ सरकून बसली.

"जो माणूस नको असतो," उल्कान म्हणाली, "त्याचं नाव आम्ही मोठ्याने घेतो. रस्त्यात. सगळ्यांना ऐकू जाईल असं."

"ए, जळतायत की!" घराच्या ओट्यावरून म्हातारी सासू ओरडली. "दोघी रडत बसल्यात आणि बोरसोकांचा कोळसा होतोय!"

त्याच वेळी फाटकातून बेगायिम आली. सासूचे डोळे लाल, आईचे डोळे लाल, कढईतून धूर. "काय झालं? आई, काय बोललीस तू? थांब, मी सांगते त्यांना, थांबा," ती अर्धं किर्गीझमध्ये आणि अर्धं जर्मनमध्ये एका दमात बोलून गेली.

"तू चहा ओत," उल्कान जर्मनमध्ये म्हणाली. "आम्ही बोलतोय."

बेगायिम आहे तिथेच खाली बसली. मागे जोल्दोश कुमिसचा कॅन छातीशी धरून उभा होता आणि बायकोकडे असं बघत होता, जणू शर्यतीत त्याचाच घोडा पहिला आलाय.

रोस्विथाने बेगायिमला सगळं सांगितलं. तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. "मला वाटलं, तुम्ही हसाल," ती म्हणाली. "तिकडे कुणाला काय सांगायचं? आणि तुमचं नाव घ्यायला गेले, की जीभ वळतच नव्हती. मी किती वेळा एकटीने म्हणून बघितलंय." ती उठली, सासूसमोर येऊन उभी राहिली, श्वास घेतला. "रो…" एवढंच निघालं.

रोस्विथाने तिचे दोन्ही धुळकट हात आपल्या हातांत घेतले.

"राहू दे," ती म्हणाली. "आता तू घेतलं नाहीस, तरी मला ऐकू येईल."

उल्कानने ते सगळं वाक्य ऐकलं, आणि कुणी तिला सांगायच्या आत ते तिला कळलं.